चोवीसवर लावलेला बाप

दहा महिन्यांचे बाळ घेऊन युरोपातली एखादी जुनी राजधानी पाहता येते का, या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही प्रागला गेलो होतो. निदान माझा प्रश्न तो होता. आमच्या शेजाऱ्यांचा प्रश्न त्याहून लहान होता आणि ते तो दिवसभर सोडवत असत. बाळाच्या नाकाखाली दोन बोटे धरायची, ऊब लागली की मान डोलवायची आणि म्हणायचे, "आहे, आहे. चालू आहे."

बहारीनमध्ये, अदलियातल्या इमारतीत आमची दारे समोरासमोर होती. ते मूळचे नागपूरचे, अस्करच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात तंत्रज्ञ. मी शाळेत विज्ञान शिकवते. एरवी ते मला 'ताई' म्हणत. काळजी वाढली की 'मॅडम'. लग्नाला पुष्कळ वर्षे झाल्यावर, आशा सोडून दिल्यावर, त्यांना ही मुलगी झाली होती. त्या बोटांना कोणी हसत नसे, ते त्यामुळेच.

माझ्या यजमानांना रजा मिळाली नाही. म्हणून ईदच्या सुट्टीत आम्ही चौघेच निघालो: ते, वहिनी, बाळ आणि मी. त्यांच्या बॅगेत दोन थर्मामीटर होते.

"दोन कशाला?" मी विचारले.

"एक खोटं बोललं, तर दुसरं सांगेल ना जी!"

विमानात बाळ गाढ झोपले. ते आम्ही नशीब समजलो.

प्रागमधले आमचे भाड्याचे घर जाड भिंतींचे, आतल्या अंगणाकडे तोंड केलेले होते. मी ते मुद्दाम शांत म्हणून निवडले होते. तिथे बाळाने झोप सोडली. डोळा लागे, लगेच दचकून उघडे, आणि मग रडणे. दुसऱ्या दिवशी तिने बाटलीही ढकलून दिली. चौकातल्या प्रसिद्ध घड्याळाखाली गर्दी माना वर करून उभी होती. आमचे शेजारी घड्याळाकडे पाठ करून बाळाच्या नाकाशी बोटे धरून उभे होते.

"भाऊ, घड्याळ मागे आहे."

"तुम्ही पाहून घ्या ताई. मला मंग सांगा."

जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाचे कान, घसा, छाती तपासली. सगळे ठीक होते. बाळ दमले आहे, त्याला झोपू द्या, एवढेच त्या म्हणाल्या.

"झोपू द्या म्हणे!" वहिनी बाहेर येऊन कडाडल्या. "आम्ही का धरून ठेवलं आहे तिला? आणि तुम्ही हो, तुमची बोटं सारखी नाकाशी. माणूस झोपंल तरी कसं?"

त्यांनी बोटे खिशात घातली. चेहरा उतरला होता. "खलास, मॅडम," ते म्हणाले. "उद्याचं तिकीट पाहतो. तिला काही झालं तर हे शहर घेऊन मी काय करू?"

मी मनात क्रमाने तपासत होते. दूध तेच, पाणी उकळलेले, कपडे पुरेसे. बदलले होते ते काय?

पुलाकडे जाणाऱ्या गल्लीत एका उपाहारगृहासमोर मासळीची शीतगाडी उभी होती. तिचे थंडाव्याचे यंत्र एकसारखे घरघरत होते. तिच्याजवळून जाताना बाळ रडता रडता थांबले. पापण्या मिटल्या. आम्ही जागच्या जागी थिजलो. मग वाट अडते म्हणून कोपऱ्यापर्यंत गेलो, तर पुन्हा रडे. परत आलो, पुन्हा झोप.

"आणखी एकदा कोपऱ्यापर्यंत जाऊन या," मी म्हटले. "एकदा घडलेला योगायोगही असू शकतो."

"ताई, माझ्या लेकरावर प्रयोग नको!" वहिनींनी मला तिथेच गप्प केले.

पण उलगडा झाला होता. बहारीनमध्ये जन्मलेली ही मुलगी एसीच्या आवाजाशिवाय कधी झोपलीच नव्हती. हिवाळ्यातही धूळ नको म्हणून तिची खिडकी बंद आणि एसी चालू. आम्ही सगळे तपासले होते; शांतता तपासायचे कोणाला सुचले नव्हते.

एवढ्यात चालकाने दार लावले आणि गाडी निघाली. बाळाचा ओठ थरथरला. त्यांनी तिला छातीशी घट्ट धरले आणि घशातून आवाज काढला, "घूंऽऽऽ..."

बाळ झोपलेलेच राहिले.

तो लांब दगडी पूल त्यांनी तसाच ओलांडला. लोक वळून पाहत होते. वहिनींनी हळूच विचारले, "अहो, कितीवर लावला आहे?" आवाज न तोडता त्यांनी बाळाखालून एक हात काढला, आधी दोन बोटे दाखवली, मग चार. त्या प्रवासात वहिनी पहिल्यांदा हसल्या.

त्यांचा दम संपला की वहिनी सुरू करत, नंतर मी. माझा सूर जरा वर लागला आणि बाळाने एक डोळा उघडला.

"ताई, तुमचं मॉडेल जुनं दिसते," ते म्हणाले आणि बाळाला परत घेतले. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. राजवाडा मी पाहिला. त्यांनी त्या दिवशी काय पाहिले, ते मला सांगता येणार नाही.

पुढे त्यांचे कंत्राट संपले आणि ते नागपूरला परतले. समोरच्या दाराशी आता दुसऱ्यांच्या चपला असतात. फोनवर मी मुलीच्या झोपेची चौकशी केली, तर म्हणाले, "इथं कूलर आहे ना जी, आवाजाची काय कमी!"

तेव्हा माझ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे, पण ते एकाच बाळावरून काढलेले आहे आणि तो प्रयोगही अर्धवट राहिला. आपल्या घरी एसीत वाढणारे बाळ असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी एका थंड दुपारी एसी बंद करावा, बाळाजवळ बसावे आणि काय होते ते कृपया स्वतः पडताळून पाहावे.