दाताच्या खुर्चीतलं विमान

माझं शिरूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोक मशीन घेऊन येतात आणि सोबत घरातली लग्नं, दुखणी, रुसवेफुगवे सगळं काउंटरवर मांडतात. मशीन दुरुस्त होऊन जातं, बाकीचं माझ्याकडंच राहतं. सगळ्यात जास्त माल साठलाय तो केडगावच्या डॉक्टरांचा.

डॉक्टर दातांचे, पण जीव विमानात. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर त्यांच्याकडं होताच, मग त्यांनी व्हीआर हेडसेट घेतला. तो डोळ्यांवर चढवला की समोर कॉकपिट दिसतं, मान वळवली की खिडकीबाहेरचं आभाळ. रविवारी दवाखाना बंद असतो. त्या दिवशी पेशंटची खुर्ची म्हणजे पायलटची सीट.

हेडसेट आला त्याच दिवशी फोन. "सुरेखाताई, विमान जागेवर थांबत नाही. मी सरळ बसलोय आणि कॉकपिट छताला चाललंय."

फोनवर जमेल ते सगळं करून झालं. शेवटी गाडी काढली, न्हावऱ्यावरून चौफुला आणि तिथून केडगाव. केबल बदलली, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, काही फरक नाही. मग हेडसेट उजेडात धरला. आपण कुठं बघतोय हे त्याला कळावं म्हणून पुढं बारीक कॅमेरे असतात. त्या प्रत्येकावर हळदीकुंकू.

डॉक्टरांच्या आई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "नवी वस्तू हाय, पूजा नको व्हय करायला? डोळे दिसले म्हणून डोळ्यांना लावलं."

*

मग मामा आले. मामा नात्यातले नाहीत, सगळेच त्यांना मामा म्हणतात; दौंडचे, रेल्वेतून रिटायर झालेले इंजिन ड्रायव्हर. डॉक्टरांकडं कवळी बसवायला आले होते.

कवळीचं माप घेताना विषय निघाला. मुलगी बेंगलोरला, बाळंतपण दोन-तीन महिन्यांवर आलेलं. मामींची कंबर धरलेली, ट्रेनचा लांबचा प्रवास झेपणार नाही, म्हणून मुलीनं विमानाची तिकिटं काढली. आणि मामा हटून बसले होते. उंचीची भीती नव्हती. त्यांचं दुखणं वेगळंच होतं.

"डॉक्टर, सगळी नोकरी म्होरं बसून केली. हितं मागं बसायचं, म्होरचं काय दिसायचं न्हाई, आन् चालवणार कोण तर ज्याचं तोंड बघितलेलं न्हाई. मला न्हाई जमायचं."

सोबत आलेल्या मामी म्हणाल्या, "नका येऊ. मी एकटी जाते." आणि त्यांचं तोंड बघून कळत होतं की जातील.

डॉक्टर म्हणाले, "मामा, रविवारी या. आधी तुम्हीच चालवून बघा."

*

पहिल्या रविवारी मला मुद्दाम बोलावलं होतं. मामांना खुर्चीत बसवलं, हेडसेट चढवला, एका हातात स्टिक, दुसऱ्यात वेगाचा दांडा दिला. विमान धावपट्टीवर उभं. डॉक्टर म्हणाले, "घ्या मामा."

विमान हलेना.

मला वाटलं, कनेक्शन गेलं. केबल काढून लावली. विमान उभंच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. उभंच. स्टिकचं सॉफ्टवेअर काढून नवं टाकलं. मी घामाघूम. मामा मात्र खुर्चीत शांत बसलेले, नजर समोर.

शेवटी मी विचारलं, "मामा, तुम्हाला दिसतंय ना?"

"समदं दिसतंय."

"मग दांडा पुढं का ढकलत नाही?"

"सिग्नल कुठं दिलाय अजून?"

*

विमान एकदाचं उडालं. मामा खुश. तेवढ्यात त्यांनी डावीकडं खिडकीबाहेर डोकं काढलं आणि मागं वळून बघायला लागले. कॉम्प्युटरमधल्या विमानाला खिडकी होती, खुर्चीला नव्हती. मामा धाडकन खाली.

आम्ही धावलो. कोपराला खरचटलं होतं. डॉक्टर विचारतायत, "काय झालं, चक्कर आली का?"

मामा हेडसेट सावरत म्हणाले, "न्हाई ओ. गाडी मागं पुरती येतीय का ते बघत हुतो."

*

मग एक बिघाड असा आला की महिनाभर माझं डोकं फिरलं. उड्डाण नीट व्हायचं, विमान आभाळात नीट चालायचं, आणि उतरायची वेळ आली की चित्र गोठायचं. तोवर आम्ही केबल काढून हेडसेट वायफायवर घेतला होता. मी राउटर बदलला, त्याची जागा बदलली. तरी तेच. मामा वैतागले. "चढतंय तवा काय न्हाई, नेमकं उतरताना कसं मरतंय?"

एका रविवारी पाणी प्यायला मी बाहेरच्या खोलीत आले. मामी बाकावर बसून मोबाईलवर मालिका बघत होत्या. दवाखान्याच्याच वायफायवर.

"मामी, दर रविवारी आल्या आल्याच लावता का?"

"न्हाई बाई, आधी जरा भाजी निवडते. मग ह्यांची उतरायची येळ झाली की लावते, घरी जायच्या आत एक भाग होतो."

हे ऐकून आतून मामांचा आवाज आला, "आख्ख्या नोकरीत माझी गाडी कुणी अशी थांबवली न्हवती."

मामी मोबाईलवरची नजर न काढता म्हणाल्या, "थांबवायला ती कवा टायमात घरी आली हुती?"

*

एका रविवारी राहू गावचा एक शेतकरी गाल धरून आला. दाढ ठणकत होती, म्हणून बंदचा बोर्ड असूनही त्यानं दार ढकललं. आत खुर्चीत एक म्हातारा, डोळ्यांवर काळा डबा, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरलेला. शेजारी डॉक्टर ओरडतायत, "सोडू नका, सोडू नका, आता आपटणार." आणि मी गुडघ्यांवर बसून खुर्चीखालच्या वायरी उपसतेय.

डॉक्टर वळून म्हणाले, "बसा, हे एवढं उतरलं की तुम्हाला घेतो."

तो म्हणाला, "राहू द्या. आता न्हाई दुखत." दार लावून गेला. डॉक्टरांना वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन नंबर शोधून त्याला बोलावलं, दाढ काढली आणि पैसे घेतले नाहीत. पण खुर्चीत बसायच्या आधी त्यानं खाली वाकून वायरी बघितल्याच.

*

जायचा दिवस आला. विमान पुण्याहून होतं. डॉक्टरांनी त्या सकाळी पेशंट कमीच घेतले. मी दुकानात होते, पण एकही काम हातात धरवेना. सारखं वाटायचं, मामा दारातूनच परत फिरले तर? मामी एकट्या गेल्या तर?

दुपारी मामींचा फोन आला. पोचल्या होत्या. मी आधी विचारलं, "मामा?"

"हायत की. चढताना माझा हात इतका आवळला की बांगडी पिचली. मग विमान वर गेलं आन् सरळ झालं. जरा वेळानं बघते तर हे झोपलेले. घोरत हुते. म्होरच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली. पाणी घेऊन ती पोरगी आली, तिला म्हणलं, राहू दे बाई, उठवू नको. खाली टेकलं, दणका बसला, तरी जाग न्हाई."

मी म्हटलं, "मामांना द्या फोन."

मामा फोनवर आले. मी विचारलं, "मामा, इतकं शिकलात, आणि खऱ्या विमानात झोपलात?"

ते म्हणाले, "सुरेखा, चालत्या गाडीत आयुष्यात पहिल्यांदा झोपलो बघ. दुसरं कुणीतरी जागं हुतं ना."