पहाटे फ्रीज कुणी उघडला?

भोसरीतल्या आमच्या हॉस्पिटलात मी भूल देते. शेजारी आमचे जुने टेक्निशियन उभे असतात. पेशंटला मधुमेह असला की ते मधूनमधून त्याचं गार बोट तळव्यात चोळतात, टोचतात आणि साखर बघतात. "भुलीतला माणूस गरगरतंय म्हणून सांगत न्हाई, मॅडम," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

इथले कामगार सांगितल्यावर उपाशी राहतात, पण शिफ्टच्या सवयीने पहाटे फ्रीजमधलं इन्सुलिन टोचून येतात. रिकाम्या पोटी रक्तातली साखर उतरते, मेंदू उपाशी पडतो. विचारलं तर ठाम नाही म्हणतात. म्हणून टेक्निशियन बाहेर बसलेल्या पेशंटच्या बायकोला गाठतात. "वहिनी, पहाटे फ्रीज कुणी उघडला व्हता?"

मला हा आगाऊपणा वाटायचा.

गेल्या महिन्यात माझंच पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. मधुमेह मलाही आहे. टेक्निशियननी इन्सुलिनचं विचारलं, तेव्हा मी चिडलेच. "अहो, मी डॉक्टर आहे. आज इन्सुलिन कशी घेईन?"

"बरं," म्हणाले आणि बाहेर माझ्या नवऱ्याकडे गेले. परत आले ते ग्लुकोजची बाटली घेऊनच. माझं बोट तळव्यात चोळत राहिले. तेव्हा कुठे मला पहाटेच्या अंधारातला फ्रीजचा दिवा आठवला.