व्याह्यांनी आणलेलं पाणी

आमच्या व्याह्यांना जेवढं आठवायचं तेवढं ठाण्या-कल्याणातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना मिळून आठवत नसेल, आणि त्यातलं निम्मं घडलेलंच नसायचं. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. ते गेले म्हणून पाठीमागे बोलतोय असं कोणी समजू नये. शाळेत मी दोन पावसाळे बसलो, बाराखडी पुरी व्हायच्या आत बापानं मिठागरावर नेलं. पण डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं आणि नाही ते नाही, एवढं मला कोणी शिकवावं लागलं नाही. व्याह्यांचं तसं नव्हतं. माझी थोरली मुलगी कल्याणजवळ मोहन्याला त्यांच्या घरी दिलेली. सुपारी फुटली त्या दिवशी ते पहिल्यांदा आमच्या ओट्यावर बसले, मिटलेली छत्री मांडीवर आडवी ठेवली आणि मला म्हणाले, "आपली जुनी ओळख आहे. कोणाच्या तरी लग्नात तुम्ही रुसून झाडावर चढून बसलेलात. उतरेचनात." मी म्हटलं, मी कधी कुठल्या झाडावर रुसून बसलेलो नाही. तर डावा डोळा मिटून विचारतात, "चिंच होती का जांभूळ?" माझ्या तोंडून निघून गेलं, "चिंच." झालं! तेव्हापासून बायकोला, पोरांना, नातवंडांना सगळ्यांना ठाऊक, की म्हातारा लहानपणी चिंचेवर रुसून बसलेला. खरं सांगायचं तर आता त्या चिंचेचा पाला माझ्याही दाताखाली आंबट लागतो. मला ते आवडत नाही.

ही त्यांची रीतच. असं असं घडलं म्हणून ते कधी सांगायचे नाहीत. नुसतं विचारायचे, आणि तेही काहीतरी बारीक. बैल तांबडा होता का पांढरा? दार आत उघडायचं का बाहेर? माणूस रंग सांगायला जातो आणि तेवढ्यात बैल त्याच्या गोठ्यात बांधून होतो. चेंदणीला एक म्हातारी होती, सगळं बालपण पनवेलीकडे गेलेलं. तिला व्याह्यांनी विचारलं, "आजी, ठाण्याला पहिली आगगाडी आली तेव्हा बापाच्या कुठल्या खांद्यावर बसलेलात?" म्हातारी म्हणाली उजव्या, आणि पुढे मरेपर्यंत ती गाडी सांगत राहिली. धूर कसा आला, कोळशाचा कण डोळ्यात कसा गेला. सांगताना तिच्या त्या डोळ्यातून खरंच पाणी यायचं. दुसऱ्या डोळ्यातून नाही, त्याच. लोक हसायचे. मीही हसायचो, पण त्या डोळ्याकडे बघायचो नाही.

बाकी माणूस लाखाचा. कल्याणहून गाडी असताना आमच्याकडे होडीनं यायचे, दुपार घालवून. विचारलं तर म्हणायचे, "गाडीत बसलं की झाडं मागे पळतात. मग माणसाच्या डोक्यात काय राहणार?" छत्री ऊन असो पाऊस असो, उघडायची नाही, उघडली की डोक्यातलं कोंडतं म्हणे. भिजून यायचे आणि छत्री कोरड्या फडक्यानं पुसत बसायचे. जेवायला बसले की मागच्या खेपेला काय जेवलो ते आधी सांगणार. एकदा माझ्या बायकोला म्हणाले, "विहीणबाई, गेल्या खेपेला बोंबलात मीठ जरा पुढे गेलेलं." बायको कसली ऐकते! पदर सावरून म्हणाली, "मिठागरवाल्याच्या घरात जेवता व्याहीबुवा, मीठ पुढेच जाणार. गोड खायचं तर ब्राह्मणाच्या घरी सोयरीक करायची होती." व्याही एवढे हसले की ठसका लागला, आणि वर म्हणतात, "हेच तुम्ही लग्नातही बोललेलात." ती बोलली नव्हती. आता तिला आठवतं, की बोलली होती.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मग जोमाचं झालं.

जोमा माझा लहानपणापासूनचा सोबती. आमच्या मिठागराच्या उघाडीवर तो असायचा. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. उधाणाच्या भरतीला उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं, मग फळ्या टाकून अडवायचं. हसरा गडी. माझी मुलगी मोहन्याला दिली ती त्याच्याच मध्यस्थीनं. एका साली पटकी आली, त्याची बायको आणि तान्हं पोर एकापाठोपाठ गेलं. त्यानंतर जोमा बोलायचा थांबला. उघाडीवर बसून राहायचा, पाणी असो नसो.

चैत्रातली वद्य अष्टमी. मी ठाण्याच्या बाजारात टेंभीकडून दोर आणायला गेलेलो. दुपारी बांधावरून परत येत होतो तेव्हा खाडी ओसरलेली. अष्टमीचा भांग, त्या तिथीला पाणी चढतं कमी, आणि भर दुपारी तर ओहोटीच असते. आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा तिथीवरून पाणी सांगतं. उघाडीपाशी कोणी नव्हतं. खाली ओल्या चिखलात पावलांची एक ओळ होती, उघाडीपासून निघालेली, सरळ पाण्याकडे गेलेली. कोणी चिंबोऱ्या धरायला उतरलं असेल असं वाटून मी घरी आलो. संध्याकाळच्या भरतीनं जोमाला परत आणून उघाडीच्या फळ्यांशी लावला. पावलं तोवर धुऊन गेलेली.

गावात कुजबूज सुरू झाली. भांगाच्या दुपारी पाणी नसताना माणूस बुडतो कसा? आपण होऊन गेला. आपण होऊन गेलेला माणूस त्या जागेवरून हलत नाही. बाया उघाडीकडून यायच्या बंद झाल्या. गड्यांनी त्या बाजूच्या कोंड्यांतलं, म्हणजे मीठ पिकतं त्या वाफ्यांतलं, मीठ ओढायचं टाकलं. म्हणायचे, पाठीमागे चिखलात कोणीतरी पाय उचलल्याचा आवाज येतो. जोमाची म्हातारी आई घरात एकटी. दहाव्याला तिच्या अंगणात मी आणि माझी बायको, दोघंच. तिनं मला धरून विचारलं, "माजा जोमा मना टाकून गेला का रं? तू सांग. तुझ्याशी बोलायचा तो." पावलांचं मी एकाच माणसाला सांगितलेलं, व्याह्यांना. त्यांनी ऐकून घेतलं, किती लांब होती विचारलं, आंगठ्याची खूण खोल होती का टाचेची विचारलं, आणि छत्री उचलून होडीत जाऊन बसले.

बाराव्याला आले ते थेट म्हातारीच्या घरी. मी दाराशी उभा. व्याही तिच्यासमोर उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "आये, त्या रात्री दिवा उंबऱ्यात ठेवलेलास का ओट्यावर? अवसेचा काळोख होता ना."

म्हातारी म्हणाली, "ओट्यावर."

डोळ्यांदेखत त्यांनी तिथी हलवली. आमच्या लोकांना नुसतं 'बुडाला' सांगून पटलं नसतं. अष्टमीला दुपारी पाणीच नसतं. अवसेला असतं, ऐन दुपारी, बांधाला लागतं. म्हणून त्यांनी आधी अवस आणली, आणि मग अवसेच्या पाठोपाठ पाणी. दुसऱ्या घरी जाऊन विचारलं, उघाडीची फळी मधली तुटली का खालची? तिसऱ्या घरी, जोमानं फळी छातीशी धरली का खांद्याला? महिनाभर येत राहिले. एकेक घर आठवायला लागलं. त्या दिवशी कल्याणच्या बाजारात असलेला गडी मला फळी कशी कडाडली त्याचा आवाज तोंडानं काढून दाखवायला लागला. मी म्हटलं, "अरे, तू इथं नव्हतास." तर माझ्याकडे असा बघतो, जसा मीच खुळा. उधाणात फळी तुटली, गावाचं मीठ जाईल म्हणून जोमा अंगानं दार अडवून उभा राहिला आणि पाण्याखाली गेला, हे सगळ्यांनी पाहिलेलं. बाया उघाडीवरून यायला लागल्या. पितरांचं पान अष्टमीचं सुटून सर्वपित्रीच्या अवसेला मांडलं जाऊ लागलं, आणि जेवायला सगळं गाव. म्हातारी वाढताना सांगायची, "माजा जोमा गावासाठी गेला."

मी मात्र अष्टमी सोडली नाही. दरसाल एकटा पान घेऊन उघाडीवर जायचो. कावळा फळीवर येऊन बसायचा, माझ्याकडे बघायचा, पानाला शिवायचा नाही. मी त्यालाही सांगून टाकलं, तुला खायचं तर खा, तिथी मी बदलणार नाही.

एकदा तिथंच व्याह्यांना गाठलं. भर दुपार, खाडी ओसरलेली.

"व्याहीबुवा, हे तुम्ही काय केलंत? अष्टमीला इथं पाणी नसतं."

"अष्टमी नव्हती."

"मी पावलं पाहिली. तुम्हाला सांगितली."

ते चिखलाकडे बघत राहिले. मग डावा डोळा मिटला. "तुम्ही त्याला हाक मारलीत ना?"

"कोणाला मारणार? माणूस दिसतच नव्हता."

"मारलीत. वरच्या बांधावरून मारलीत का खालच्या?"

देवाशपथ सांगतो, माझं तोंड उघडलं. 'खालच्या' हा शब्द जिभेवर येऊन बसला. मला माझीच हाक कानात आली, जोमाऽऽ अशी, आणि लांब चिखलात कोणीतरी मान वळवल्यासारखं झालं. मी दात आवळले. तोंड गच्च धरून उभा राहिलो. व्याही म्हणाले, "बरं. नसेल मारली. राहू द्या." छत्री काखेत मारून निघून गेले. तेव्हा वाटलं, माणूस मला खोटा पाडायला आलेला. तो मला काहीतरी द्यायला आलेला, हे कळायला फार उशीर लागला.

जोमाची आई सुखानं गेली. मग व्याही म्हातारे झाले, आणि एवढं आठवणाऱ्या माणसाच्या डोक्यातून सगळं ओसरायला लागलं. आधी दुसऱ्यांचं गेलं, मग स्वतःचं. मुलीनं बोलावणं धाडलं म्हणून मोहन्याला गेलो. ओट्यावर बसलेले, छत्री मांडीवर. मला विचारतात, "आपण कुठले?"

"ठाण्याचा. तुमचा व्याही. चिंचेवर बसलेला."

"कुठली चिंच?"

मला वाटलं होतं, ती चिंच गेली की बरं वाटेल. नाही वाटलं.

मग त्यांनी माझा हात धरला. हात गार. म्हणाले, "एक विचारू? मला बाकी काही आठवत नाही. चिखल तेवढा दिसतो. त्यात पावलं आहेत. जातानाची. येतानाची नाहीत. रोज दिसतात. ती कोणाची हो? माझी का?"

त्यांनी गावाला दिलेलं सगळं त्यांच्याकडून निघून गेलेलं. उरलेलं तेवढंच, जे खरं होतं, आणि तेही माझं. मीच त्यांच्याकडे टाकलेलं. मी मोकळा हिंडलो आणि हा माणूस ते एवढी वर्षं घेऊन बसला. आत मुलगी भांडी घासायची थांबली.

जन्मात जे केलं नाही ते मी केलं. जवळ सरकलो आणि म्हटलं, "चिखल कुठला व्याहीबुवा, अवस होती ना. पाणी बांधाला लागलेलं. जोमानं फळी धरली ती छातीशी का खांद्याला?"

मग हळूहळू डावा डोळा मिटला. "खांद्याला," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "कोणीतरी त्याला हाक मारलेली."

"मी मारलेली. खालच्या बांधावरून."

"हां," म्हणाले. "मोठ्यानं मारलेलीत." आणि माझा हात सोडून छत्री पुसायला लागले.

ते गेले त्याला बरेच दिवस झाले. यंदा पान मी अवसेला मांडलं. बायकोनं एक पोळी जास्त वाढली. अजून दुपारी बांधावरून जातो. अष्टमी असते, खाडी ओसरलेली असते, हे मला ठाऊक असतं. पण मला तिथं पाणी दिसतं, बांधाला लागलेलं, लखलखीत. घरी येतो तेव्हा घसा बसलेला असतो.