लपवलेलं पत्र
तीन मे. कूलरच्या वाळ्याच्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवल्या. पाणी सोडताच ओल्या खसाचा वास सुटला आणि बहिणीच्या रामदासपेठेतल्या घरचा हॉल आठवला. भाचीला काटोलच्या मुलानं पसंत केलं होतं आणि त्या दिवशी तो आईला घेऊन बोलणी करायला आला होता. चहा होईपर्यंत सगळे टीव्हीवर मालिका पाहत बसले. नायिका परगावी जाऊ नये म्हणून नायकानं तिच्या नोकरीचं पत्र गादीखाली लपवलं, मागे बासरी वाजली. मुलाच्या आईनं डोळे पुसले. "तिले किती जीव लावून राहिला वं तो." भाची म्हणाली, "ही तर चोरी आहे." मुलगा हसला. "अहो मॅडम, लिहिणाऱ्यानं प्रेम दाखवलंय. मीही हेच केलं असतं." भाचीला पुण्याहून नोकरीचं पत्र आलंय, हे त्याला ठाऊक होतं. मला किळस आली. हातातली संत्रा बर्फी मी परत ताटलीत ठेवली. स्वयंपाकघरात बहीण कुजबुजली, "सीरियलवरून कोणी सोयरीक मोडते काय वं?" लिहिणाऱ्याच्या मनात काहीही असो, आम्हाला दिसायचं ते दिसलं होतं. भाचीला विचारलं, तर म्हणाली, "मावशी, मले नाही करायचं हे लग्न." त्या मुलाच्या हसण्याची मला आजही शिसारी येते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काटोलला फोन करून नकार कळवला आणि तिचं पुण्याचं तिकीट काढलं.