टाकी नेमकी कुठं गळतेय?

मला नसत्या चौकशा फार. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. दादा तिला वडूजहून मिरजेला ऑपरेशनला नेणार, म्हणून आदल्या संध्याकाळी त्यानं आपल्या जुन्या व्हॅनची टाकी काठोकाठ भरली, आणि सकाळी बघतो तर खालून पेट्रोल टपकतंय! आई खूष. आधीही तिनं जाणं टाळलेलंच. म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता. गाडीच नगं म्हणतीया."

दादानं थेंब पडत होता तिथं कपड्याचा साबण दाबून बसवला. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, त्यामुळं हा इलाज आमच्याकडं सगळेच करायचे. पण थेंब चालूच. आणखी साबण, तरी थेंब. मीही गाडीखाली आडवी झाले. साबण तर घट्ट बसलाय, मग पेट्रोल येतंय कुठनं? माझं डोकंच चालेना.

"सरक की गं, उजेड अडवतीयास!" दादा खेकसला.

तेवढ्यात आई चाचपडत आली नि खाली बसली. "भोक एकीकडं आसंल, थेंब दुसरीकडं पडत आसंल. घागर गळताना बगितली न्हाईस व्हय रं?" तिनं टाकी कोरडी पुसायला लावली आणि वरच्या जोडावरून हळूहळू बोट फिरवलं. "हितं. गार लागतंय."

टाकी आवळून धरणाऱ्या पट्टीच्या कडेला, आम्हाला दिसतच नव्हतं तिथं! पेट्रोल उडून जाताना बोट गार पडतं, हे मी स्वतः लावून बघितलं. लय गंमत वाटली. दादानं पट्टी सैल करून तिथं साबण भरला, थेंब थांबला. टाकी उतरवून पक्की जोडून घ्यायचं काम मिरजेत करायचं ठरलं.

पण आई गाडीत बसेना. "डोळं न्हाईत तरी मलाच घावलं का न्हाई? मग कशाला ती चिरफाड?"

असा राग आला मला! "भ्यालीयास म्हण की सरळ!" मी ओरडले, आणि लगेच रडूच फुटलं. "आये, मला शेवटचं कवा बगितलंस तू? माझं केस पिकल्यात, ठावं तरी हाय का तुला?"

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हाताला काय कळणार?

"तुझं?" ती म्हणाली. "कवापासनं?"

"लय दिस झालं."

तिनं चाचपडत हात पुढं केला. मग दादाला म्हणाली, "दार कुठं हाय रं गाडीचं?"