तात्यांची मूठ, काकूंची टोपली

तात्यांना मी पहिल्यांदा पाहिले ते खडवलीहून कल्याणला येणाऱ्या आगगाडीत. गुडघ्यांत मडके धरून ते त्यातले पाणी हाताने सारखे ढवळत होते. ओळख ना पाळख, मला म्हणाले, "जरा हात घाला हो यात. मला तपकीर ओढायचीय. माशांची पिल्लं आहेत, पाणी थांबलं की मरतील." तपकीर ओढून झाली, तरी कल्याणपर्यंत मीच ढवळत होतो.

पुढे मी त्यांच्या शेजारीच बिऱ्हाड केले. तात्या पेन्शनीत निघालेले कारकून. पण स्वस्थ बसणे त्यांना ठाऊकच नव्हते. जेवणावरूनसुद्धा उठून परसातल्या तळ्याकडे धावायचे. "भुकेले असतील हो!" म्हणत कोंडा आणि तिळाची पेंड मुठीमुठीने फेकायचे. तरी मासे लागोपाठ दोन वर्षे मेले. घरचे कर्ते थोरले भाऊ, त्यांनी बजावले, "यंदा मेले तर तळं बुजवून केळी लावतो." तेव्हापासून तात्यांची झोप उडाली.

त्यांच्या पत्नीचे, राधाकाकूंचे, म्हणणे वेगळे होते. "अहो, फेकलेलं तळाशी जाऊन कुजतं. मी टोपलीत घालून सोडते. खाल्लं की नाही, ते वर काढल्यावर कळेल तरी."

"माशांना काय पंगतीला बसवणार आहेस?" तात्या उसळले.

शेवटी तळ्याच्या मधोमध मातीचा बांध घातला गेला. अलीकडे तात्यांची मूठ, पलीकडे काकूंची दोरीला बांधलेली टोपली. टोपली रिकामी आली तरच नवे खाणे. शिल्लक असेल तर त्या दिवशी काही नाही. हे 'काही नाही' तात्यांना सोसवत नसे. बांधावर फेऱ्या मारत ते काकूंना कंजूष म्हणत, आणि त्यांची पाठ वळली की तिकडेही मूठ टाकायला बघत. मला हसू येई आणि त्यांची कीवही.

भाद्रपदात उकाडा वाढला. एका सकाळी तात्यांच्या बाजूच्या पाण्याला घाण सुटली होती आणि मासे वर येऊन तोंडे वासत होते. "बघ, भूक लागलीय त्यांना!" म्हणत तात्यांनी मूठ उगारली. काकूंनी त्यांचे मनगट धरले. "भूक नाही हो ती. जीव गुदमरतोय त्यांचा."

तात्या धोतरासकट पाण्यात उतरले आणि दोन्ही हातांनी पाणी उडवू लागले. आम्ही जाळ्याने निघतील तेवढे मासे पलीकडे सोडले, बाकीचे मेले. काकूंच्या बाजूचे मात्र चांगले पोसले होते. भावांच्या ताटात तुकडी पडली आणि केळीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर टोपली वर काढायचे काम तात्यांनी आपल्याकडे घेतले. भरलेली आली की "नको म्हणतायत" असे सांगून हात पाठीमागे बांधत; पण मागे बोटे चाळवतच असत.

शेवटच्या आजारात त्यांना अन्न जाईना. काकू पेजेची वाटी पुन्हा पुन्हा ओठांशी नेत होत्या. "एकच घोट घ्या, माझ्यासाठी." पेज ओघळून उशीवर जाई. तात्यांनी त्यांचे मनगट धरले.

"अगं, टोपली भरलेलीच वर आलीय."

काकूंनी वाटी खाली ठेवली आणि त्यांचा हात मांडीवर घेऊन बसल्या. तो हात स्वस्थ पडलेला मी प्रथमच पाहत होतो.