साडेआठ डोक्यांचा हिरो

आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आयुष्यभर सातपूरला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून काम केलं. मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढायची, त्यावर मापं टाकायची आणि ती खाली शॉपमध्ये, जिथं ते भाग बनतात तिथं, पाठवायची. आधी बोर्डावर, मग कॉम्प्युटरवर. कुणी विचारलं की हे सांगायचे, "मी चित्रं काढतो." मी लगेच म्हणायचे, "चित्रं कसली, नट-बोल्ट काढता." त्यावर हे हसायचे. माणूस तसा गरीब स्वभावाचा. रिटायर होईपर्यंत ह्यांना खरं रागावलेलं मी फक्त पट्टी हरवल्यावर बघितलं.

आमच्या कपाटावर, लोकरीच्या पिशवीखाली, एक इंग्रजी पुस्तक लग्नाआधीपासून पडून होतं. शालिमारच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळायची, तिथून ह्यांनी ते कॉलेजात असताना घेतलेलं. सुपरहिरोंची कॉमिक्स कशी काढायची ते शिकवणारं. जगभरची पोरं म्हणे त्यावरूनच शिकली. आमच्या घरात मात्र त्याचं पान उलटायला कुणाला सवड झाली नाही. ओव्हरटाइम, मुलीची शाळा, सासूबाईंचं आजारपण. "रिटायर झालो की बघ," असं हे म्हणायचे. दिवाळीच्या साफसफाईत मी ते पुस्तक फडक्यानं पुसायचे आणि परत वर ठेवायचे. दोनदा रद्दीत घातलं होतं, दोन्ही वेळा ह्यांनी रद्दीवाल्याच्या हातगाडीवरून उचलून आणलं.

रिटायर झाले आणि वर्षाच्या आत उजव्या हाताला कंप सुरू झाला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते आम्ही दोघांनी एकमेकांपासून लपवून मोबाइलवर आधीच वाचलेलं होतं. ह्यांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "हा हात किती दिवस चालेल?" डॉक्टर म्हणाले, "तसं सांगता येत नाही, काका. गोळ्या आहेत, व्यायाम आहे." घरी आल्या आल्या चपलासुद्धा न काढता ह्यांनी स्टूल ओढलं आणि कपाटावरून पुस्तक उतरवलं.

"हात जायच्या आत मला एक कॉमिक पुरं करायचंय," म्हणाले. "माझ्या हातचं."

मी म्हटलं, "आधी चपला काढा." मला दुसरं काही सुचेना. मग स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडून रडून घेतलं.

हिरो ह्यांच्या डोक्यात तयार होता. सातपूरचाच, सेकंड शिफ्टचा फिटर. एरवी साधा माणूस, डबा खाणारा, बस पकडणारा. संकट आलं की उडतो. गोष्ट सोळा पानांची. कारखान्याचं छप्पर कोसळतं, हा ते पाठीवर तोलून धरतो, एकेका कामगाराला बाहेर काढतो. आणि शेवटच्या पानावर ढिगाऱ्यात अडकलेल्या शेवटच्या माणसाला हात देतो. त्या पानावर एकच मोठं चित्र असणार होतं. हिरोचा उघडा हात थेट वाचणाऱ्याच्या तोंडासमोर आलेला. ह्यांच्या लेखी सगळी गोष्ट त्या हातासाठी होती. "बाकीची पानं कशीही होऊ देत, ते एक मला जमलं पाहिजे," असं हे मला दहा वेळा तरी म्हणाले असतील.

पुस्तकाचं सांगणं वाचायला सोपं. माणूस आधी गोळ्यांचा आणि नळ्यांचा काढायचा, मग त्यावर मांस चढवायचं. साधा माणूस आपल्या डोक्याच्या साडेसात पट उंच, हिरो साडेआठ पट. हे वाचून स्वारी खूश. माप मिळालं ना! दुसऱ्याच दिवशी डायनिंग टेबलावर ड्रॉइंगचा कागद चिकटपट्टीनं ताणून बसवला आणि दुपारी मला हाक मारली.

बघते तर हिरो सरळ उभा, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, शाळेत प्रार्थनेला उभा केल्यासारखा. शेजारी तोच हिरो बाजूनं. आणि वर तोच वरून: दोन खांदे, मधे गोल टाळू. "हे काय?" "टॉप व्ह्यू." छातीच्या, कमरेच्या, पोटरीच्या मापांच्या रेघा, रेघांना बाणांची टोकं, आकडे मिलिमीटरमध्ये. उजव्या कोपऱ्यात चौकट आखून लिहिलेलं, स्केल एकास दहा.

"अहो, हा उडणार आहे का ह्याला लेथवर चढवणार आहात?"

मी इतकी हसले की खुर्चीत बसावं लागलं. हेही हसले. पण पुसायला खोडरबर काही उचललं नाही.

गाडी खरी अडली ती पुढच्या धड्यावर. वाचणाऱ्याकडे येणारा हात कसा काढायचा, तो धडा. पुस्तक म्हणतं, पंजा डोक्याहून मोठा काढा आणि मागचा दंड एकदम आखूड करा, म्हणजे हात अंगावर आल्यासारखा दिसतो. ह्यांना ते समजत होतं, पटतही होतं, कागदावर उतरत नव्हतं. प्रत्येक वेळी पंजा तेवढाच आणि दंड सगळा लांब. हिरो वाचणाऱ्याला हात देतोय असं काही वाटेना, दिशा दाखवणारा ट्रॅफिक पोलीस वाटायचा.

"पंजा डोक्याहून मोठा कसा असेल?" हे म्हणायचे.

"असेल कशाला? दिसतो तसा."

"दिसतं तसं काढलं की शॉपमधली पोरं तसाच जॉब बनवतात. मग रिजेक्ट कुणाच्या नावावर?"

"अहो, तुमचा हिरो कुणी बनवणार नाहीये!" मी ओरडले. आणि पुढे म्हणणार होते, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. पहिले दोन शब्द तोंडातून गेले आणि मी जीभ चावली. ह्यांनी पुढची म्हण मनात पुरी केली असणार. पेन्सिलीला टोक करत बसले. टोक करायलाही तेव्हा बराच वेळ लागायचा.

शाईचं काम माझ्याकडे आलं ते त्याच आठवड्यात. पेन्सिलीवरून टाकानं शाई फिरवायची, आणि टाक हातात घेतला की ह्यांच्या हाताचा कंप दुप्पट. कागदावर शिंतोडे. पुस्तकातच लिहिलं होतं म्हणे, पेन्सिल एकाची आणि शाई दुसऱ्याची, असं मोठमोठ्या कंपन्यांतही चालतं. मी कॉलनीतल्या पोरींच्या हातावर लग्नात मेंदी काढायचे, त्यामुळे हात बसलेला. पण मेंदीवालीला मोकळी जागा बघवत नाही. पहिल्याच पानावर मी हिरोच्या पाठीवरच्या झग्याला कडेनं कोयऱ्या काढल्या. ह्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हा छप्पर उचलायला चाललाय, हळदीला नाही."

तशी आमची पानं होत गेली. सकाळची गोळी लागली की हात जरा शांत व्हायचा, तेवढ्यात हे काढायचे. मी त्या वेळात भाजीवाल्यालाही खालूनच परत पाठवायचे. गोळी उतरायला लागली की रेघ आधी दुहेरी व्हायची, मग पाचपदरी, मग हे पेन्सिल ठेवून हात मांडीखाली दाबून बसायचे. मी नंतर त्या पाच रेघांतली एक निवडून तिच्यावर शाई फिरवायची. "कुठली घेऊ?" म्हटलं की म्हणायचे, "मधली." पुढे पुढे मधली कुठली तेच कळेना. मी आपली अंदाजानं घ्यायचे आणि ह्यांना सांगायचे, "मधलीच घेतली."

आमची मुलगी पुण्याला नोकरी करते. तिला मी फोनवर सगळं सांगायचे. तिला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की ती काहीतरी उपाय पाठवते. आधी म्हणाली, बाबांना टॅबलेट घेऊन देते, त्यावर रेघ आपोआप सरळ होते. हे नको म्हणाले. मग एका रविवारी तिनं एक चित्रच पाठवलं. तिनं गोष्ट नुसती टाइप केली होती आणि कॉम्प्युटरनं काढून दिलं होतं. शेवटचं पान. मागे कोसळलेलं छप्पर, धूळ, ठिणग्या, आणि पुढे हिरोचा एवढा मोठा हात. अंगावर काटा यावा असा. खाली तिनं लिहिलं होतं, "बाबा, बघा, झालं सुद्धा!"

ह्यांनी ते मोठं करून बघितलं. बोटं मोजली. "छान आहे," म्हणाले. "पंजा बरोबर आलाय." मोबाइल मला दिला आणि जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपले. भर दुपारी. त्यानंतर कितीतरी दिवस कागदाला हात लावला नाही. मला मुलीचा असा राग आला की काय सांगू. फोन करून म्हटलं, "अगं बाई, त्यांना चित्र नको होतं गं, काढायचं होतं." ती रडली. मग मीही रडले. तिचा हेतू चांगला होता, पण मेलं ते चित्र इतकं चांगलं निघायला नको होतं.

आणि जे दिवस असे गेले ते हाताचे चांगले दिवस होते. पुन्हा बसले तेव्हा गोळी पहिल्यासारखी लागेना. पंधरावं पान कसंबसं झालं. सोळाव्यावर एका बऱ्या सकाळी मागचं छप्पर, हिरोचं लहानसं डोकं आणि खांदे काढून झाले. पुढे हाताची जागा कोरी. ती तशीच महिनाभर कोरी राहिली. आता मी हे लिहिते आहे तेव्हा ह्यांना घासही मीच भरवते. तेव्हा एवढं नव्हतं, पण चाललो होतो तिकडेच, आणि ते दोघांनाही दिसत होतं.

एका सकाळी ह्यांनी कोऱ्या जागेत हात काढायला घेतला. गोळी घेऊन झाली होती, थांबून झालं होतं, काही उपयोग नाही. रेघा एकमेकींवर चढल्या. खोडायला गेले तर कागद चुरगळला, फाटता फाटता वाचला. ह्यांनी पेन्सिल माझ्याकडे सरकवली.

"तू काढ."

"मी नाही काढणार."

"काढ म्हणतो ना. तुझा हात बसलाय. शेवटचं एक पान आहे, होऊन जाऊ दे."

माझं डोकंच फिरलं. "पंधरा पानं रक्त आटवलं ते काय मी काढावं म्हणून? तुमच्या हातचं व्हायचं होतं ना? मग काढा तुमच्या हातानं!"

हे उठले. इतक्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नव्हता, तो चढवला. "कुठल्या हातानं? हा? हा हात आहे का? बघ ना, बघ!" म्हणत ह्यांनी तो पंजा माझ्या तोंडासमोर आणला. थडथड हलत होता. आणि पंजाच्या मागे ह्यांचं तोंड मला दिसेना. सगळं डोकं त्या हातानं झाकलं होतं.

"अहो," मी म्हटलं, "बसा. बसा आधी."

त्यांना खुर्चीत बसवलं. कागद सरळ केला आणि त्यांचा उजवा पंजा धरून त्या कोऱ्या जागेवर पालथा टेकवला. मागचं हिरोचं डोकं त्याच्या अंगठ्याएवढंच होतं. "ह्याच्याभोवती रेघ मारा," म्हटलं. "पेन्सिल डाव्या हातात घ्या."

ह्यांना कळलं. मग म्हणाले, "अंगठा उलट्या बाजूला येतो. समोरून बघताना हा डावा हात झाला."

"मग डावा देईल. अडकलेला काय उजवा-डावा बघतो?"

पण हात कागदावर ठरेना. टेकवला की सरकायचा, बोटं नाचायची, पेन्सिल कुठं टेकवणार? शेवटी मी उभी राहिले आणि माझा पंजा त्यांच्या मनगटावर आणि पंजाच्या पाठीवर ठेवून दाबला. "जोरात दाब," हे म्हणाले. मी जोरात दाबला. खाली तो धडपडत होता. हा हात मी रोज धरत होते, शर्टाची बाही घालायला, पेला टेकवायला, पण त्याला असं जबरदस्तीनं गप्प करायची वेळ कधी आली नव्हती. त्याच्यात किती जोर होता, आणि तो सगळा जोर फुकट कसा जात होता, ते मला त्या दिवशी कळलं. मला वाटलं दुखेल म्हणून मी जरा सैल सोडला, तर हे ओरडले, "सोडू नकोस!"

डाव्या हातानं ह्यांनी अंगठ्यापासून सुरुवात केली. रेघ वाकडीतिकडी, पण एकच. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. माझी बोटं आड आली की मी ती उचलून पलीकडे ठेवायची. करंगळीवरून रेघ मनगटापाशी येऊन थांबली. ह्यांनी पेन्सिल ठेवली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता असं नाही, डावा होता, पण पुसलं नाही.

"झालं," म्हणाले. "काढ आता हात."

मी काढला नाही. काढला की खालचा त्यांचा हात पुन्हा हलायला लागणार होता.

"अगं, झालं ना."

"असू दे थोडा," मी म्हटलं, आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावर देऊन तशीच उभी राहिले.